डिझेल वाढलं म्हणून कॅरॅव्हानची सहल रद्द करण्याआधी: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी ‘रात्रीमागे लिटर’चा हिशोब

२०२२च्या एप्रिलमध्ये आमचं मालवण-तारकर्लीला जायचं ठरलं होतं. आमची कॅरॅव्हान, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, तयार, मुलीची परीक्षा संपलेली, आईनं पाच दिवस पुरतील एवढे मेथीचे ठेपले करायचं मनावर घेतलेलं. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं, कच्चं तेल भडकलं होतं, पण आपल्याकडे पंपावरचे दर चार-साडेचार महिने जागचे हलले नव्हते. २२ मार्चला ते हलले. ६ एप्रिलपर्यंत लिटरमागे १० रुपये वाढ झाली. रोज सकाळी ऐंशी पैसे, ऐंशी पैसे. शेवटी आई म्हणाली, “बाळा, एवढे पैसे डिझेलात घालून समुद्र बघायला जायचं काही नडलंय का?” आणि आम्ही सहल रद्द केली.

मे महिन्यात एका दुपारी वही घेऊन बसलो. नाशिक-पुणे-मालवण आणि परत, साधारण १,२०० किलोमीटर. माझी गाडी लिटरला ९ देते. म्हणजे १३३ लिटर. दहा रुपयांच्या वाढीनं त्या सहलीचा खर्च वाढला असता १,३३० रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी आईचा समुद्र राहून गेला. ते मला अजून लागतं. म्हणून हा लेख. दर वाढले की जायचं की नाही, असा प्रश्न आपण घालतो. विचारायला हवं ते हे, की या दरात किती लांब जायचं आणि तिथे किती रात्री काढायच्या.

आधी गाडीचं खरं ॲव्हरेज काढा

कंपनी सांगते तो आकडा, गाडी विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी छाती पुढे काढून सांगितलेला आकडा, तिन्ही बाजूला ठेवा. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी, फ्रिज बसला की ती मूळची गाडी राहत नाही.

रीत जुनीच आहे, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथे थांबायचं, त्यावर ठोकून ठोकून भरायचं नाही. किलोमीटरचा आकडा लिहायचा. दोन-तीनशे किलोमीटर फिरून त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशिनवर पुन्हा तसंच भरायचं. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. हे तीनदा करा: एकदा शहरात, एकदा सिन्नर किंवा पिंपळगावच्या बाजूला सरळ हायवेला, एकदा घाटात. माझे आकडे अनुक्रमे ७, १० आणि ८ असे आले. सहलीच्या हिशोबाला मी ९ धरतो. पूर्ण सामान आणि पूर्ण माणसं घेऊन मोजा. रिकाम्या गाडीचा आकडा सहलीत कामाला येत नाही.

पंपावर मशीनवर शून्य आलेलं बघूनच भरायला सांगावं. माप कमी वाटलं तर प्रत्येक पंपावर प्रमाणित केलेलं ५ लिटरचं माप ठेवलेलं असतं, ते काढून मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. मी एकदा मागितलं होतं. पंपावरच्या पोरानं निमूट आणून दाखवलं, माप बरोबर भरलं, आणि माझ्या मनातली शंका गेली.

मग रात्रीमागे लिटर काढा

हॉटेलात राहणारा माणूस खोलीचं भाडं रात्रीवर मोजतो. कॅरॅव्हानवाल्यानं डिझेल रात्रीवर मोजावं, कारण डिझेल हेच आपल्या खोलीचं भाडं आहे.

तारकर्लीचीच सहल घ्या. १३३ लिटर, ५ रात्री: रात्रीमागे २६.७ लिटर. तीच सहल ९ रात्रींची केली तर रात्रीमागे १४.८. आणि त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मग कासा-चारोटीवरून डहाणू-बोर्डी असं जाऊन आलात तर तिथलं थोडं फिरणं धरून ३५० किलोमीटर होतात, म्हणजे ३९ लिटर. पाच रात्रींना रात्रीमागे जेमतेम ७.८. समुद्र दोन्हीकडे आहे. बोर्डीला सुरूची झाडं आहेत, चिकूच्या वाड्या आहेत, आणि ओहोटीला पाणी इतकं आत जातं की मुलं तासन्‌तास वाळूत रमतात. आईला घेऊन आम्ही शेवटी तिथेच गेलो.

आता स्वतःची मर्यादा ठरवा. ती रुपयांत ठरवा, लिटरमध्ये नको. समजा तुम्ही म्हणालात, डिझेलवर रात्रीमागे १,५०० रुपयांपेक्षा जास्त घालणार नाही. डिझेल ९० रुपये असेल तर त्यात १६.७ लिटर येतं आणि ९च्या ॲव्हरेजनं १५० किलोमीटर होतात. डिझेल १०० झालं तर १५ लिटर, १३५ किलोमीटर. म्हणजे दहा रुपयांच्या वाढीला उत्तर म्हणून रात्रीमागे पंधरा किलोमीटर कापायचे. पाच रात्रींच्या सहलीत एकूण ७५. एखादं जाता जाता बघू म्हणून घुसवलेलं ठिकाण वगळलं की तेवढे निघतात. सहल रद्द करावी एवढं हे अंतर मोठं नाही.

हा एक आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा: आपल्या गाडीला, आपल्या मर्यादेत, रात्रीमागे किती किलोमीटर. दर बदलला की फक्त तो खोडून नवा लिहायचा. दर बघायला तेल कंपन्यांची ॲप आहेत. रोजचा नवा दर सकाळी ६ वाजता लागू होतो. ही रोजची पद्धत देशभर १६ जून २०१७पासून आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे कच्च्या तेलाचा भाव आणि रुपया-डॉलरचा दर यांवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट चढतो. सहलीच्या नियोजनात यातला एकही आकडा आपल्या हातात नाही. किलोमीटर आणि रात्री मात्र आहेत.

ठिकाण निवडताना: तळ एक, फेऱ्या लहान

आपल्याकडच्या सहलींची खोड अशी की रोज नवं गाव. आज भंडारदरा, उद्या माळशेज, परवा लेण्याद्री. कॅरॅव्हानला हे सगळ्यात महाग पडतं, कारण प्रत्येक फेरीला आपण पलंग, भांडी आणि पाण्याची टाकीसुद्धा फिरवून आणतो. एका जागी दोन-तीन रात्री तळ ठोका आणि आजूबाजूचं पायी, एसटीनं किंवा गावातल्या रिक्षानं बघा. भंडारदऱ्याला आम्ही तीन रात्री राहिलो. नाशिकहून घोटीमार्गे जाऊन-येऊन दीडशेच्या आत. रंधा धबधबा आणि धरणाकाठचा रस्ता यांसाठी गावातली जीप केली, आणि १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्या पायथ्याला, बारीला, मुलगी आणि मी एसटीनं गेलो. गाडी तीन दिवस हलली नाही.

नाशिककर या बाबतीत नशीबवान आहेत. दीडशे किलोमीटरच्या आत घाट, धरण, समुद्र, गड, पक्षी, द्राक्षमळे सगळं सापडतं. माझा आवडता स्वस्त बेत डिसेंबरातला, नांदूरमध्यमेश्वरचा. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२०मध्ये घोषित झालं. नाशिकपासून ४५-५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ११ लिटर. अभयारण्यात मुक्काम करायचा नसतो. जवळच्या एखाद्या शेतकऱ्याला आधी फोन करून, त्याच्या खळ्यावर गाडी लावायची परवानगी घेऊन, रीतसर पैसे देऊन राहावं. निफाडचा पारा त्या दिवसांत राज्यात सगळ्यात खाली जातो, त्यामुळे एसीचा प्रश्नच नाही. पहाटे धुक्यात पाणपक्ष्यांचा आवाज ऐकत चहा प्यायला दोन रात्रींत डिझेल लागलं हजार-अकराशेचं.

उन्हाळ्यात उंचीवर जा: सापुतारा, सप्तशृंग गडाचा पायथा, भंडारदरा. याचं कारण पुढे एसीच्या हिशोबात कळेल. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्टा देखणा असतो, पण शनिवार-रविवार टाळा. रांगेत उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळात त्र्यंबक रस्त्याच्या बाजूचे बेत आखताना वाहतुकीचे बदल बघूनच निघा, नाहीतर दुसरी दिशा धरा.

वजन: इथे मी सगळ्यात जास्त शिकलो

माझी गाडी जुनी ट्रॅव्हलर होती, ती आत बांधून घेतली. ज्या कारागिरानं काम केलं त्यानं सगळीकडे १८ मिलिमीटरचा प्लाय आणि खाली लोखंडी अँगल वापरले. हात लावला की भक्कम वाटायचं, मी खूश होतो. वर्षभर ॲव्हरेज ८.३च्या वर जाईना. इंजिन दाखवलं, इंजेक्टर साफ केले, काही फरक नाही. शेवटी पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे भुईकाट्यावर गाडी लावली. मला वाटत होतं त्यापेक्षा ४०० किलो जास्त.

तुम्हीही पहिलं काम हेच करा. भुईकाटा पिंपळगाव, लासलगाव, सिन्नर कुठेही मिळतो आणि पावती थोड्या पैशांत होते. सामान भरलेल्या गाडीचं वजन घ्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या कमाल वजनाशी ताडून बघा. त्याच्या वर असेल तर प्रश्न डिझेलच्या पुढे जातो. ब्रेक आणि टायर यांचा होतो. गाडीच्या रचनेत बदल केला असेल तर तो आरटीओकडे आरसीवर नोंदवून घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार बंधनकारक आहे. तेही याच वेळी तपासून टाका, कारण अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघते.

मग काय काढलं? छतावरचं कॅरिअर आधी, कारण ते वजनासोबत वाराही अडवतं. लोखंडी पलंगाची चौकट काढून ॲल्युमिनियमची केली. जुनी शिशाची जोड-बॅटरी गेली. बिडाचा तवा, पाट्यावरवंट्याची हौस, सहा ताटं, दोन जाड सतरंज्या घरी राहिल्या. १६० किलो उतरले, आणि ॲव्हरेज ९वर आलं.

पाण्याचं लोकांच्या लक्षात येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी घरून भरून निघालात तर एक जाडजूड पाहुणा फुकट घाट चढवता. घरून पिण्याचं आणि हात धुण्यापुरतं वीस लिटर घ्या, बाकी मुक्कामाच्या आधीच्या गावात भरा. परत येताना सांडपाण्याची टाकी योग्य जागी रिकामी करूनच घाट चढा.

चालवताना

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८०वरून १००वर गेलं की वेग सव्वापट होतो आणि वाऱ्याचा जोर दीडपटीच्या वर. आपल्या गाड्या उभ्या कपाटासारख्या, त्यांना हे कारपेक्षा जास्त लागतं. समृद्धी महामार्गावर सिन्नरच्या गोंदे इथून चढून मी दोन वेळा मोजलं: ताशी ७५-८०ला लिटरला १०च्या पुढे, ताशी १००ला ८च्या खाली. दोनशे किलोमीटरला वाचतो अर्धा-पाऊण तास आणि जातं पाच लिटर. सहलीला निघालेल्या माणसाला तो अर्धा तास कुठे द्यायचा असतो? डाव्या लेनमधून शांत चला. समृद्धीवर चढताना टाकी भरलेली ठेवा आणि टोल वेगळा मोजा. गाडी कोणत्या वर्गात नोंदली आहे त्यावर तो ठरतो, आणि काही बेतांत डिझेलवाढीपेक्षा टोलचा फरक मोठा निघतो. मुंबईकडे जाताना इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा कसारा घाटाचा त्रास वाचवतो; येताना जड गाडीला घाटाचा चढ जास्तच जाणवतो. जुन्या रस्त्याचा टोल आणि या रस्त्याचा टोल, यांतला फरक वाचणाऱ्या डिझेलशी ताडून एकदाच ठरवून टाका.

घाट उतरताना न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय असेल तर आजपासून सोडा. नव्या डिझेल इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते उलट लागतं. शिवाय ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

टायरची हवा गाडी थंड असताना, निघायच्या सकाळी बघा, आणि दाराच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे, मागच्या चाकांत भाराच्या हिशोबानं भरा. आणि नाशिक सोडायचं ते साडेपाचला. द्वारका चौकात सकाळी दहाला अडकलात तर पंधरा मिनिटांत जे जळतं, ते पुढे दिवसभर सांभाळून चालवून भरून काढावं लागतं.

उभ्या गाडीत जळणारं डिझेल

याची नोंद फार थोडे ठेवतात. एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर तासाला साधारण एक लिटर जातं. रात्रभर आठ तास म्हणजे आठ लिटर, म्हणजे सत्तर-बहात्तर किलोमीटरचं चालणं, जागच्या जागी. बोर्डीच्या सहलीत रात्रीमागचं सगळं डिझेल ७.८ लिटर होतं. एक एसीची रात्र तेवढंच पिऊन टाकते. लिटरमागे दहा रुपये वाढले म्हणून हळहळणाऱ्यानं आधी ही सवय तपासावी.

पैशांच्या पलीकडे, इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे कृपा करून कधीही करू नका.

त्याऐवजी: १२ व्होल्टचा १०० अँपिअर-अवरचा लिथियम बॅटरी पॅक साधारण सव्वा युनिट वीज धरतो. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज आणि दोन पंखे, दिवे, फोन एवढं एका दिवसाला त्यात बसतं. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनल असेल तर हिवाळ्यातल्या उघड्या दिवशी पाऊण युनिटच्या आसपास परत भरतं, पण गाडी उन्हात लावली तरच. आंब्याखाली लावलीत तर माणसं थंड आणि बॅटरी रिकामी. एसी यावर चालत नाही. एसी हवाच असेल तर १५ अँपिअरचा प्लग देणारं मुक्कामाचं ठिकाण शोधा. गंगापूर धरणाजवळ आणि द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात अशी घरगुती ठिकाणं मिळतात. विजेचे युनिटप्रमाणे पैसे आधीच ठरवा. स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलिंडर आठवडाभर आरामात पुरतो. पेटवताना खिडकी उघडी आणि झोपताना रेग्युलेटर बंद.

डिझेल कुठे भरायचं

गुजरातेत व्हॅट कमी असल्यानं पेट्रोल आपल्यापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त असतं. डिझेलमधला फरक त्या मानानं थोडा. पेट्रोलवर चालणारी गाडी घेऊन सापुताऱ्याला किंवा बोर्डीहून उंबरगावच्या बाजूला जाणारच असाल तर तिकडे टाकी भरण्यात अर्थ आहे. पण त्यासाठी मुद्दाम वाकडी वाट करायची असेल तर आधी हे करून बघा: २० किलोमीटरचा वळसा म्हणजे सव्वादोन लिटर, म्हणजे २०० रुपये. ५० लिटर भरणार असाल तर लिटरमागे ४ रुपयांचा फरक फक्त बरोबरीवर आणतो. त्याहून कमी असेल तर आपल्या पाथर्डी फाट्यावरच भरा.

दर वाढणार अशी बातमी आली म्हणून कॅनमध्ये डिझेल भरून गाडीत ठेवू नका. ज्या गाडीत गॅस पेटतो आणि मुलं झोपतात, तिथे ते ठेवायचं नसतं.

भाड्यानं घेणार असाल तर

महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणल्यापासून भाड्याच्या गाड्यांची चौकशी वाढली आहे. इथे डिझेलवाढ आपल्यापर्यंत निराळ्या वाटांनी पोहोचते. बुकिंगच्या वेळी चार गोष्टी लेखी घ्या: डिझेल कुणाचं; दिवसाला किती किलोमीटर भाड्यात धरले आहेत आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती; बुकिंगनंतर दर वाढले तर भाडं वाढणार का; आणि चालक असेल तर त्याचा भत्ता व रात्रीची सोय. गाडी ताब्यात घेताना डिझेलचा काटा आणि किलोमीटर यांचा फोटो दोघांच्या समोर काढा. गाडी लिटरला किती देते, हे मालकाला विचारा आणि हिशोबात त्याच्या दीड किलोमीटर कमी धरा. दिवसाचे किलोमीटर ठरलेले असतात, त्यामुळे इथेही एका जागी तळ ठोकणाराच फायद्यात राहतो. दोन कुटुंबं मिळून एकच मोठी गाडी घेणं डिझेलच्या दृष्टीनं उत्तम, पण सगळ्यांना झोपायला खरंच जागा आहे का, हे गाडीत आडवं होऊन बघा. बाहेर तंबूत झोपू असं म्हणणारे पहिल्या रात्री दोन वाजता आत येतात.

परत आल्यावर

घरी जायच्या आधी, सगळे दमलेले असले तरी, त्याच पंपावर टाकी पुन्हा फुल्ल करा. आमच्या वहीत प्रत्येक सहलीला एक ओळ असते: तारीख, किलोमीटर, लिटर, रात्री, उभ्या गाडीचे इंजिनाचे तास, त्या दिवशीचा दर. ही ओळ आता मुलगी लिहिते. या जानेवारीत तिनं खाली आणखी एक ओळ जोडली आहे: तारकर्ली, १,२०० किलोमीटर, ९ रात्री, १४.८ लिटर, आजीसकट.